शब्दचर्चा : हॉर्मोन, संप्रेरक की अंतःस्राव?

तळ्याकाठी :
थायरॉईडच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांसाठी एक चार पानी माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ मजकूर सोपा आहे, तरी पहिल्याच पानावर अडले. हॉर्मोनसाठी मी 'अंतःस्राव' लिहिलं होतं. गुजरातीत तोच शब्द रूढ आहे, आपल्याकडेही 'अंतःस्रावी ग्रंथी' शाळेत वाचलेलं असतं, म्हणून वाटलं चालेल. छापायच्या आधी कच्चा मजकूर संगमनेरजवळच्या एका वाडीत आशाताईंनी वाचून दाखवला. 'अंतःस्राव कमी पडला की थकवा येतो, वजन वाढतं' हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, 'माझ्या तर अंगावरून जास्ती जातंय, कमी कुठं? मग ही गोळी माझ्यासाठी नाहीच.'

स्राव म्हटल्यावर बाईमाणसाला दुसरं काय आठवणार? आणि थायरॉईड मंदावलं की पाळीत जास्त जाणं हे त्याच आजाराचं नेहमीचं लक्षण. म्हणजे माझ्या शब्दाने नेमका उलटा अर्थ पोचवला. त्या मावशी गोळी सोडायला निघाल्या होत्या. आशाताईंनी सावरून घेतलं, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

आता दोन प्रश्न. एक, 'हॉर्मोन' ठेवू की 'संप्रेरक' लिहू? दोन, 'टीएसएच (रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा) वाढला म्हणजे थायरॉईडचा हॉर्मोन कमी पडतोय' हे कसं लिहू, की ऐकणारीला एकदाच ऐकून कळेल? शुक्रवारी छापायला द्यायचं आहे.

खडूफळा :
संप्रेरकच लिहा, ताई. सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. बालभारतीच्या पुस्तकात 'संप्रेरके' आहे आणि 'विनाल ग्रंथी'ही आहे. विनाल हा माझा फार आवडता शब्द. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, लाळ त्या नळीतून तोंडात येते. थायरॉईडला नळी नाही, तिचा माल थेट रक्तात. नाल नाही ती विनाल. एका शब्दात सगळा धडा! तुमचं पत्रक घरातली नववी-दहावीतली मुलगीच आईला वाचून दाखवणार, आणि तिला संप्रेरक माहीत असतं.

एक कबूल करतो. दरवर्षी उत्तरपत्रिकांत 'संप्रेरक' आणि 'उत्प्रेरक' यांची अदलाबदल व्हायची. उत्प्रेरक रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी जसाच्या तसा उरतो. संप्रेरक निरोप पोचवतं, आणि पुढे शरीर त्याला मोडून टाकतं. मुलांना मी सांगायचो, संप्रेरकातला 'सं' संदेशाचा. व्याकरणात तसं नाही, पण लक्षात राहायचं.

पारिजात :
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देते. १२ वर्षांत काउंटरवर 'संप्रेरक' हा शब्द एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही, सर. 'हॉर्मोन'सुद्धा क्वचित. लोक म्हणतात थायरॉईड. 'मला थायरॉईड आहे', 'हिचं थायरॉईड वाढलंय', 'थायरॉईड करायचंय'. ग्रंथी, आजार, तपासणी, गोळी, सगळ्याला एकच शब्द.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्यांचा टीएसएच १२ येतो त्या म्हणतात 'थायरॉईड वाढलं', आणि खरं तर ग्रंथी कमी पडत असते. मी असं सांगते : गळ्यातली थायरॉईड म्हणजे कामगार. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे, ती मुकादम. कामगाराने माल कमी दिला की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचं ओरडणं. ओरडा जेवढा मोठा, तेवढं काम कमी. गोळीने माल पुरा पडला की ओरडा खाली येतो. डोस बदलल्यावर आठवड्यात परत तपासायला येणाऱ्यांनाही हेच सांगते, की सहा ते आठ आठवडे थांबा. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचा माल, रक्तात रेंगाळणारा हॉर्मोन आहे, निम्मा व्हायलाच त्याला साधारण ७ दिवस लागतात, मग मुकादमाला फरक कळायला वेळ लागणारच.

आणि गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, हे पहिल्या पानावर ठळक टाका. शब्द कुठलाही घ्या, हे राहायला नको.

शब्दवेल्हाळ :
मुकादम फार छान. आता शब्दाकडे येऊ, कारण 'हॉर्मोन' हा शब्दही असाच अडल्यावर विचारून केलेला आहे. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं, की जठरातलं आम्ल लहान आतड्यात उतरलं की आतड्याचं अस्तर रक्तात काहीतरी सोडतं आणि त्याने स्वादुपिंडाचा पाचकरस वाहू लागतो. तिथले मज्जातंतू तोडले तरी वाहतो. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. पण अशा सगळ्याच पदार्थांना मिळून एक नाव हवं होतं. केंब्रिजमध्ये जेवताना विषय निघाला, ग्रीक जाणणाऱ्या एका विद्वानांना विचारलं, आणि त्यांनी 'चेतवणे, हालचालीला लावणे' या अर्थाचं ग्रीक क्रियापद सुचवलं. १९०५ च्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' वापरला. म्हणजे संप्रेरक हे त्याचं जवळजवळ अक्षरशः मराठी रूप आहे.

म्हणून एक विनंती, 'हार्मोन' असं लिहू नका. तसं लिहिलं की लोक हार्मोनियमशी नातं जोडतात. 'शरीराचे सूर जुळवतो तो हार्मोन' असं मी एका जाहीर भाषणात ऐकलं आहे. हार्मोनियममागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ जुळणं, हॉर्मोनमागच्या शब्दाचा अर्थ ढकलणं. मुळं वेगळी.

माझ्या मनात बरीच वर्षं असलेली एक गोष्टही सांगतो. प्रेरक शब्दातला धातू 'ईर्', हलवणे. ग्रीक शब्दाच्या मुळाबद्दल व्युत्पत्तीकारांत एकमत नाही. काही जण त्याला आपल्या 'ऋ', 'ईर्' यांच्या कुळात बसवतात, काही 'सृ'च्या, म्हणजे सरिता आणि संसार यांच्या कुळात. पहिले बरोबर असतील तर हॉर्मोन आणि प्रेरक ही हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडं ठरतात.

मायमराठी :
मग घरचं भावंड असताना बाहेरचं कशाला? दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दही सुरुवातीला जडच वाटले असणार. वापरले म्हणून रुळले. पत्रक लिहिणारा प्रत्येक जण 'लोकांना कळत नाही' म्हणून इंग्रजी शब्द ठेवणार असेल तर लोकांना कळणार कधी? मराठी विश्वकोशानेही 'हॉर्मोने' वापरावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाईत बसून इतकी विद्वान माणसं हे काम करत होती, त्यांनी तरी एक नाव ठरवून द्यायचं.

शब्दवेल्हाळ :
उलट विश्वकोशाने तो शब्द मराठी केला. पान-पाने, तसं हॉर्मोन-हॉर्मोने. नपुंसकलिंग दिलं, अनेकवचन दिलं. आज आपण 'हॉर्मोन्स' आणि वर 'हॉर्मोन्सचे' म्हणतो, त्यापेक्षा हे कितीतरी घरचं आहे. तिथे स्पष्टीकरण म्हणून 'उत्तेजक स्राव' हेही येतं. आता मात्र तो शब्द नको, कारण उत्तेजक म्हटलं की पकडला गेलेला खेळाडू डोळ्यांसमोर येतो.

पारिजात :
मी वर 'रेंगाळणारा हॉर्मोन' लिहिलं. आमच्याकडे सगळे 'तो'च म्हणतात.
आणि सगळे हॉर्मोन प्रेरणा देतातच असं नाही. सोमॅटोस्टॅटिनचं काम वाढीच्या हॉर्मोनला आवर घालणं. त्याला संप्रेरक म्हणायचं का?

शब्दवेल्हाळ :
हाच आक्षेप शंभर वर्षांपूर्वी एडवर्ड शेफर यांनी घेतला होता. रोखणाऱ्या पदार्थांसाठी त्यांनी 'कॅलोन' असं वेगळं नाव काढलं, 'सैल सोडणे' या ग्रीक क्रियापदावरून. व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी बिनचूक, तरी त्या अर्थाने टिकलं नाही, आणि व्युत्पत्तीने अपुरा असलेला 'हॉर्मोन' मात्र जगभर गेला. शब्द अचूक आहे म्हणून टिकतो असं नाही, मायमराठी.

गोठेकर :
नमस्कार मंडळी. मी मिरज तालुक्यातला, घरी सहा म्हशी. एवढं वाचून राहवेना. हॉर्मोनला मराठी शब्द शोधताय, पण हॉर्मोनच्या कामाला आमच्या गोठ्यात जुना शब्द आहे. पान्हा.

धारेच्या आधी रेडकू सोडतो. ते ढुशा देतं, दोन मिनिटांत म्हैस पान्हावते, कास ताठते, सड भरून येतात. आमच्या पशुवैद्यांनी मला नीट समजावलं होतं. दूध कासेत आधीच तयार असतं, पण ते बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. रेडकाचं तोंड सडाला लागलं की खबर मेंदूला, मेंदूखालची ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते, ते कासेत पोचतं आणि त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात. त्याचा जोर थोडी मिनिटंच टिकतो, म्हणून एकदा पान्हा सुटला की धार उरकायची, मध्येच उठून गप्पा मारायच्या नाहीत. नवा माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, फटाका वाजला, की म्हैस पान्हा चोरते. भ्यायली की दुसरा हॉर्मोन सुटतो, ॲड्रेनलिन, आणि तो याला अडवतो. माझी आजी म्हणायची, 'जनावराला शिवी देऊन धारेला बसू नये.' तिला ॲड्रेनलिन माहीत नव्हतं, पण म्हैस माहीत होती.

रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचे, तेही याचसाठी. आता काही जण सरळ पान्ह्याचं इंजेक्शन टोचतात. ते बेकायदा आहे आणि जनावराचे हाल आहेत. मला ते बघवत नाही.

तळ्याकाठी :
गोठेकरदादा, वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी कामावर परतले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या फोनवर त्यांचं बाळ रडलं आणि माझा ब्लाउज भिजला. माझं बाळ नव्हतं, फोनवरचा आवाज होता. पान्हा फुटला, असं आई म्हणाली. इतका नेमका शब्द मला डॉक्टरांकडूनही मिळाला नव्हता.
पण थायरॉईडला असा शब्द कुठून आणू?

मायमराठी :
गोठेकर, एक शंका. ते रक्तात सुटतं तर सगळ्या अंगात जाणार. मग आवळते ती फक्त कासच का? शिंगं, खूर, पोट, त्यांना का काही होत नाही?

खडूफळा :
हे मी वर्गात दवंडीवरून सांगायचो. मज्जातंतू म्हणजे घरी जाऊन एकालाच सांगणारा माणूस. झटक्यात पोचतो, पण एकाच दारी. हॉर्मोन म्हणजे दवंडी. सगळ्या गल्ल्यांतून फिरते, सगळ्यांच्या कानावर पडते, पण 'गव्हाच्या पिकाला पाळीचं पाणी सुटणार' अशी दवंडी असेल तर कुदळ घेऊन निघतो तो गहू असलेलाच. पेशीला तो निरोप कळायला तिच्याजवळ तो झेलणारा ग्राही (रिसेप्टर) असावा लागतो. ऑक्सिटोसिनचे ग्राही कासेत आहेत, गर्भाशयातही आहेत. म्हणून तोच हॉर्मोन बाळंतपणात कळा आणतो. इन्सुलिनसारख्या हॉर्मोनचे ग्राही पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतात, दारातच निरोप घेतात. थायरॉईडचा हॉर्मोन मात्र आत पेशीकेंद्रकापर्यंत जातो आणि कुठली प्रथिनं किती करायची तेच बदलतो, म्हणून त्याचा परिणाम सावकाश दिसतो आणि पुष्कळ दिवस राहतो. शिवाय त्याचे ग्राही जवळपास सगळ्या अंगभर. ताई, म्हणूनच तुमच्या पत्रकात थकवा, थंडी वाजणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाळी, सगळं एका यादीत येतं.

गोठेकर :
गुरुजी, व्याल्यावर म्हशीची वार अडकली की रेडकू लगेच पाजायला लावतात ते यामुळेच तर! ढुशा कासेला, आणि वार सुटते मागे. आज उलगडलं.

शब्दवेल्हाळ :
पान्हा हा संस्कृत 'प्रस्नव'वरून आलेला. 'स्नु' म्हणजे झरणे, पाझरणे. प्राकृतात 'पण्हव', मग पान्हा. तळ्याकाठींचा 'स्राव' हा 'स्रु' धातूचा, अर्थ जवळचाच. एक शब्द प्राकृतातून घासून घासून आला म्हणून तो आईच्या तोंडी आहे, दुसरा पोथीतून सरळ उचलला म्हणून वाडीतल्या मावशींना तो भलतीकडे घेऊन गेला.

मायमराठी :
मग आता माझ्या बाजूचं ऐका. पान्हा सोडवणाऱ्या त्याच ग्रंथीला आपल्या पाठ्यपुस्तकात काय म्हणतात? पीयूषिका! आणि पीयूष म्हणजे काय? अमरकोशात 'पीयूषोऽभिनवं पयः', नुकत्याच व्यायलेल्या जनावराचं दूध, म्हणजे आपला चीक. पिट्युटरी हा शब्द लॅटिनमधल्या शेंबडाच्या नावावरून आला, कारण मेंदूतला कफ तिच्यातून नाकात उतरतो असं जुन्या वैद्यांना वाटत होतं. आपल्या शब्दाने मात्र तिला दुधाचं नाव दिलं. दुसऱ्याची चूक आपण उचलली नाही. असा शब्द टाकून 'पिट्युटरी' म्हणायचं?

शब्दवेल्हाळ :
मला तो आवाजाचा योगायोग वाटतो. पिट्यु ऐकलं आणि पीयू सुचलं. अमरकोशातच अमृतालाही पीयूष म्हटलंय, मग चीकच कशावरून? आणि दूध हे त्या ग्रंथीच्या अनेक कामांतलं एक. उंची तिच्याकडे, थायरॉईड तिच्याकडे, पाळीचं चक्र तिच्याकडे. विश्वकोशातला 'पोष ग्रंथी' मला जास्त समावेशक वाटतो.

मायमराठी :
योगायोग असो, अर्थ लागतो आहे ना? हार्मोनियमचा अर्थ लागतो तो चुकीचा, आणि पोष ग्रंथी हा तुम्हाला पटलेला म्हणून बरोबर, असं कसं चालेल?

खडूफळा :
या वादात मला एक गोष्ट खुपते आहे, ती बोलून टाकतो. थायरॉईडला मी आयुष्यभर 'अवटु ग्रंथी' शिकवलं. परवा अमरकोश चाळताना 'अवटुर्घाटा कृकाटिका' दिसलं. अवटु म्हणजे मान, तीही मागची, मानेचा खळगा. थायरॉईड तर पुढे, घाटीच्या खाली! इतकी वर्षं मुलांना पुढे हात लावून मागचं नाव सांगितलं.

पारिजात :
सर, इंग्रजी नाव तर आकारावरून आहे ना? ढालीसारखी म्हणून थायरॉईड. १६५६ मध्ये व्हार्टन यांनी दिलं, असं आम्हाला शिकवताना सांगितलं होतं. जागा बरोबर असो नसो, नाव चिकटतं. ॲड्रेनलिनचंही तसंच, 'मूत्रपिंडापाशी' एवढाच त्याचा अर्थ. मराठीत 'अधिवृक्क' केलं, पण वृक्क म्हणजे मूत्रपिंड हेच कुणाला माहीत नाही. 'गलगंड' मात्र सगळ्यांना माहीत आहे.

तळ्याकाठी :
मंडळी, शुक्रवार आला. मी सध्या असं लिहिलंय, कृपया बघा :
'गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रक्तात एक रस सोडते. त्याला हॉर्मोन म्हणतात (शाळेच्या पुस्तकात संप्रेरक). हा रस कमी पडला की मेंदूखालची ग्रंथी तिला जोराने हाका मारते. रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा म्हणजे या हाका. आकडा मोठा, म्हणजे रस कमी.'
'रस' चालेल ना? की त्यावरूनही भलतंच काही वाटेल? 'सांगावा' असंही एकदा मनात आलं होतं.

मायमराठी :
कंसात का होईना, संप्रेरक आहे, आनंद झाला. पण खरं तर कंसात हॉर्मोन हवं.

शब्दवेल्हाळ :
सांगावा सुरेख आहे, पण सांगावा म्हणजे निरोप. हॉर्मोन निरोप घेऊन जाणारा. आणि पीयूषवर माझं म्हणणं अजून तेच आहे. बोलीत पीयूष म्हणजे चीक असा वापर कुणी ऐकलाय का? नुसतं कोशातलं नको.

गंगाकाठ :
मी ऐकलाय. नोकरीची ९ वर्षं कानपूरला काढली. तिथला दूधवाला म्हैस व्यायली की 'पेवसी' आणून द्यायचा, तोच आपला चीक. पेवसी हे पीयूषचंच रूप. म्हणजे तिकडे तो अर्थ जिवंत आहे. आपल्याकडे पीयूष म्हटलं की श्रीखंडाचं पातळ पेय, तो अर्थ कधी आला कोण जाणे.

गोठेकर :
आमच्याकडे चीक. पहिल्या धारेचा पिवळाधमक आणि घट्ट असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळ होत जातो, त्यापुढे खरवस नीट बसत नाही, मग नुसतं दूध. पहिला चीक आधी रेडकाला, पोटभर, व्याल्यावर तासा-दोन तासांत, मग आपल्याला. गंगाकाठ, तिकडे ते पेवसीत गूळ घालतात की साखर?